चेअरमनबाईंची दुहेरी काच

दारात आलेला माणूस निदान कोण, कुठला, कशाला आलो, एवढं तरी सांगतो. टपालवाला सांगतो, लाईटवाला सांगतो, मतं मागायला आलेला तर न विचारता सांगतो. केजहून आलेल्या त्या काचवाल्यानं मात्र तेवढीही तसदी घेतली नाही. मोटारसायकल लिंबाखाली लावली आणि संध्याकाळच्या दुधाच्या रांगेत, सगळ्या बायांच्या मागं, हाताची घडी घालून जाऊन उभा राहिला. मनकर्णाबाईंना त्याचा पहिला राग आला तो इथं. पुढं बरेच आले.

रांग लागायची ती मनकर्णाबाईंच्याच ओसरीवर. गावातल्या महिला दूध संस्थेच्या त्या पहिल्यापासूनच्या चेअरमन. शाळेत गेल्या त्या दुसरीपर्यंत, पण दूध नुसतं बोटावर घेऊन त्यात पाणी किती ते सांगायच्या. संस्थेला स्वतःची जागा नव्हती, म्हणून ओसरीवर टेबल टाकलेलं. टेबलावर दूध तपासायचं मशीन आणि मशीनपाशी मनकर्णाबाईंची लेक अंजना. बी.कॉम. झालेली, संस्थेची सचिव, कानामागं पेन्सिल. त्या साली पाऊसच नव्हता. निम्मी जनावरं चारा छावणीत, कॅन अर्धेमुर्धे भरायचे, आणि रस्त्यानं दिवसभर पाण्याचे टँकर नाहीतर चाऱ्याला नेलेल्या उसाच्या वाढ्यांचे ट्रक. धूळ तर अशी की धुतलेलं पातेलं पालथं घालेपर्यंत पिवळं व्हायचं.

म्हणून तर टेबलामागच्या भिंतीत ती खिडकी होती. दुहेरी काचेची. थोरल्या लेकानं, बद्रीनाथनं, वर्षापूर्वी घर बांधताना पुण्याहून आणून बसवलेली. एकावर एक दोन काचा, मध्ये बोटभर पोकळी, चारी बाजूंनी बंदिस्त. उघडायचं कामच नाही.

"धूळ येणार न्हाई, आवाज येणार न्हाई," बद्रीनाथ म्हणाला होता.

"आन मला ओसरीवरलं ऐकू कसं येणार रं?"

"न्हाई यायचं. त्यासाठीच तर असती आई ती."

मनकर्णाबाईंना ते पटलं नव्हतं, पण आख्ख्या टापूत तशी खिडकी दुसरी नव्हती हे पटलं होतं. पाहुणा आला की पाणी नंतर, खिडकी आधी. आतल्या खोलीत बाजेवर बसून त्या सगळी संस्था बघायच्या. कुणाचं माप उतू गेलं, कुणी कॅन तिरका धरला, सगळं दिसायचं. ऐकू मात्र काही यायचं नाही. बायांनाही वर्षभरात ते कळून चुकलं होतं. त्या खिडकीपुढं उभं राहून कुणी काहीही बोलायचं. काचेमागं चेअरमनबाई म्हणजे भिंतीवरचा फोटो. बघणार, पण बोलणार नाही.

एकच खोट होती. खिडकी मावळतीकडं. चैतातलं ऊन दुपारी काचेवर असं बसायचं की आत माणूस उकडून निघावा. त्यावर मनकर्णाबाईंचा एक घरगुती इलाज होता. तो त्या गाव झोपल्यावर, भर दुपारी करायच्या, आणि कुणाला सांगायच्या नाहीत. सांगण्यासारखा नव्हताच. टँकरच्या पाण्याची वाटणी गावात त्यांच्या शब्दावर चालायची. समोरच्या मुक्ताबाईनं धुरळा दाबायला अंगणात तांब्याभर पाणी शिंपलं, तर मनकर्णाबाईंनी तिला भर रांगेत असं झापलं होतं की मुक्ताबाई आठवडाभर मान वर करत नव्हती.

आणि मग एका दुपारी बाहेरच्या काचेला कडेपासून कडेपर्यंत तडा गेला.

"चाऱ्याचा ट्रक," मनकर्णाबाईंनी निकाल दिला. "मोकाट हाकत्यात मेले."

रविवारी पुण्याहून अंजनाला बघायला पाहुणे येणार होते. मुलगा बँकेत, स्वतःचा फ्लॅट, बद्रीनाथच्या ओळखीतला. त्या पाहुण्यांपुढं तडकलेली खिडकी? मनकर्णाबाईंनी त्याच दिवशी केजला निरोप धाडला, आणि तिथून हा आला. हा रांगेतला मुका.

आतून मनकर्णाबाईंना नुसतं दिसलं. रांग सरकत सरकत त्याचा नंबर आला, अंजनानं मान वर न करता हात पुढं केला, आणि सगळ्या बाया एकदम वाकून हसायला लागल्या. काय झालं ते मुक्ताबाईनं नंतर नकला करून सांगितलं.

"कॅन कुठाय?" अंजनानं विचारलं होतं.

"आणला न्हाई."

"मग दूध कशात आणलंय?"

"दूध न्हाई."

"दूध न्हाई, तर रांगेत कावून उभे?"

"सगळे उभे व्हते... म्हणलं, इथली रीत असंल."

तेव्हा कुठं अंजनानं वर बघितलं. समोर एक उंच, सावळा माणूस, भुवयांवर धूळ, खांद्याला पिशवी, हातात टेप. तिच्या कानामागची पेन्सिल खाली पडली. त्यानं ती उचलली, आणि देताना टेपच पुढं केली, पेन्सिल आपल्या हातात ठेवली.

"बावळट हाय," मुक्ताबाई म्हणाली.

"लबाड हाय," मनकर्णाबाई म्हणाल्या.

त्याला कारणही तसंच होतं. बाहेर येऊन त्यांनी स्वतः बघितलं होतं. त्यानं काचेवर हात ठेवला, खालपासून वरपर्यंत बोट फिरवलं, तडा जिथं सुरू झाला तिथं वाकून बराच वेळ बघितलं. मग चौकटीच्या रबरातून काहीतरी चिमटीनं उपसलं आणि गुपचूप खिशात टाकलं. दुसऱ्याच्या घरची वस्तू, धनीण समोर उभी, आणि खिशात. ना विचारणं ना काही.

"कशानं गेली?" त्यांनी दरडावलं.

त्यानं काचेकडं बघितलं. मग त्यांच्याकडं. मग भोवती जमलेल्या बायांकडं, त्यात मुक्ताबाई सगळ्यांत पुढं.

"गाडीच्या हादऱ्यानं गेली असंल, मावशी."

"मावशी कुणाची? चेअरमन म्हणत्यात मला."

"बरं, चेअरमन मावशी."

अंजना तोंडावर ओढणी घेऊन मशीन पुसायला लागली. मशीन आधीच पुसलेलं होतं.

एकच काच बदलून भागत नाही, जोडच्या जोड बदलावी लागते, लातूरहून करून आणावी लागते, असं त्यानं चार तुटक वाक्यांत सांगितलं. मनकर्णाबाईंनी शनिवारची मुदत घातली. त्यानं मान हलवली. चहा विचारला, मान हलवली. घेणार की नाही ते काही कळेना. मनकर्णाबाईंनी रागानं दिला, त्यानं घेतला.

दोन दिवसांनी तो परत आला, तडकलेली जोड काढायला. बायांच्या अंगावर पडंल, म्हणाला. मनकर्णाबाई आतून बाजेवर पहाऱ्याला बसल्या. बाहेर तो पाचर घालून कडेच्या पट्ट्या सोडवतोय, शेजारी अंजना पावत्या लिहितेय, आणि ज्या माणसाच्या तोंडून त्यांच्यापुढं शब्द सुटत नव्हता, त्याचं तोंड पिठाच्या गिरणीसारखं चाललेलं. तो काहीतरी बोलला. अंजनानं मान उडवली. तो आणखी काही बोलला. तिनं पेन्सिल उगारली. मग त्यानं काचेवरची धूळ तळव्यानं पुसली, गोल, हळूहळू. अंजना नेमकी त्या गोलापुढं येऊन उभी राहिली आणि काचेत बघून केस सारखे करायला लागली. काचेत बघत होती म्हणे. काचेत मागं उभा असलेला तो दिसत असणार, हे काय मनकर्णाबाईंना कळत नव्हतं? त्यांनी आतून काचेवर बांगड्या आपटल्या. बाहेर कुणाला ऐकू गेलं नाही. पुण्याच्या खिडकीला त्यांनी त्या दिवशी पहिली शिवी दिली.

संध्याकाळी तो जोड घेऊन गेला, आणि भिंतीला एवढं थोरलं भगदाड. मनकर्णाबाईंनी आपलं जुनं लुगडं त्यावर ताणून बांधलं. तणतणत बांधलं. घराची अब्रू लुगड्यानं झाकायची वेळ आणली मेल्यानं.

शुक्रवारी गुडघा धरला म्हणून त्या दिवेलागणीला बाजेवर आडव्या झाल्या होत्या. ओसरीवर रांग लागली, आणि एकदम सगळा आवाज आत आला. कॅनचे खणखणाट, लिंबावरची पाखरं, बायांची बडबड, दुधाच्या फेसाचा तो बारीक सुसकाराही. लुगड्याला काय कळतंय आवाज अडवायचं? बायांच्या ध्यानातच आलं नाही. वर्षाची सवय. खिडकीपुढं उभं राहून मुक्ताबाईनं मनकर्णाबाईंची हुबेहूब नक्कल केली, "थेंबाथेंबाचा हिशोब द्यावा लागंल, मुक्ते," आणि रांग हसून लोळली. मनकर्णाबाई दात खाऊन पडून राहिल्या. उद्या बघते एकेकीला.

मग बाया पांगल्या. लांब वळणावर एस.टी.नं हॉर्न दिला. दोनदा.

मनकर्णाबाईंचा हात गुडघ्यावर तसाच राहिला. त्यांचे मालक एस.टी.त ड्रायव्हर होते. बोलणं म्हणून माणसाला ठाऊक नव्हतं. लग्नानंतर कधी नाव घेऊन हाक मारली नाही, पण गावावरून गाडी न्यायची म्हटलं की वळणावर दोनदा हॉर्न. पॅसेंजर वैतागायचे, वळणावर ना माणूस ना म्हैस. हॉर्न कुणासाठी ते चुलीपुढं बसलेल्या एकीलाच कळायचं. ते गेल्यावरही नवीन ड्रायव्हरांनी ती चाल मोडली नव्हती. वर्षभर मात्र हा आवाज त्यांच्या कानावर आला नव्हता. पुण्याची खिडकी.

तेवढ्यात ओसरीखाली मोटारसायकल थांबली.

"जय भीम, सचिव मॅडम."

"जय भीम, शहादेव. आज रांग न्हाई, उभं कुठं राहणार?"

"एकट्याची रांग करतो की. मी एकटाच पुरेसा हाय."

"कॅन आणलाय?"

"रिकामाच आलोय. तपासा तुमच्या मशीनमधी... फॅट किती लागतंय."

"तुमचं? नुसतं पाणी निघंल."

"दुष्काळात पाणी निघणं बी लई झालं."

अंजना हसली. असं हसणं मनकर्णाबाईंनी तिचं ऐकलंच नव्हतं. वर्षभर लेक काचेपलीकडं हसत होती, आणि ह्या मूक सिनेमा बघत होत्या.

"काच आलीय लातूरहून," तो म्हणाला. "उद्या बसवतो."

हसणं थांबलं.

"उद्या नका बसवू," अंजना हळूच म्हणाली. "सोमवारी बसवा."

"चेअरमन मावशींनी शनिवार सांगितलाय."

"म्हणूनच. भिंतीला भोक असलं तर आई पाहुण्यांना उंबरा चढू देणार न्हाई. मीच कळवते बद्रीदादाला, पाहुणे नको आणू म्हणून... पुढं बघू. तुमी फक्त म्हणा, काच आली न्हाई."

लुगड्याआड मनकर्णाबाई उठून बसल्या. आता हा हो म्हणणार. लबाडच तो, हो म्हणणार आणि आपण त्याला कानाला धरून...

"न्हाई जमायचं," तो म्हणाला. "काच तुमच्या आईची हाय. मी उद्या आणणार."

"मग आणा. बसवा. त्याच काचेतून बघून पसंत करतील मला." अंजनानं पावतीबुक टेबलावर आपटलं. "तुमचं काय जातंय?"

"माझं...?" तो म्हणाला. "माझं सगळंच जातंय की."

लिंबाचा मोहर गळत होता. त्याचा कडवट गोड वास लुगड्यातून आत येत होता.

"काच अडवून ठिवली, तर ती चोरी झाली," तो म्हणाला. "तुमाला चोरून न्यायचं न्हाई मला. मागून न्यायचंय."

"मग मागा की."

"त्यांच्याफुडं जीभच वळत न्हाई. लई भ्या वाटतं."

"भ्या? ज्यांच्यापायी खोटं बोललात, त्यांच्याफुडं खरं बोलायला भ्या?"

"कसलं खोटं?"

"ट्रकच्या हादऱ्याचं. मला डोळे न्हाईत का? चौकटीतला पोत्याचा धागा तुमी खिशात टाकला. मी बघितला."

मनकर्णाबाईंच्या कानशिलातून वाफ गेली. धागा.

"दुपारची तापलेली काच," तो अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "आन अर्ध्या काचेवर थंडगार वलं पोतं. अर्धी भाजती, अर्धी गारठती. तडकंल न्हाई तर काय? पोत्याची कड जिथं येती, बरोबर तिथूनच चीर निघालीय."

"मग तवाच कावून न्हाई सांगितलं? आई किती बोलली तुमाला."

"सगळ्या बायांफुडं? मुक्ताबाईंफुडं? टँकर आला की गावात डोकी फुटायची, आता तुमच्या आईच्या एका शब्दावर रांग लागती म्हणत्यात. तो शब्द मी एका धाग्यापायी मोडू का? मला बोलल्या तर बोलू द्या. माझ्या अंगाला काय भोकं पडत न्हाईत."

आत मनकर्णाबाई भिंतीला टेकून बसल्या. राग असा आला होता की गुडघा दुखायचा राहिला. आपल्या पाठीमागं, आपल्याला न विचारता, हा केजचा पोरगा आपल्यावर पांघरूण घालून मोकळा. आणि आपण त्याला लबाड ठरवून चहा दिला, तोही आदळून.

त्या रात्री अंजनानं विचारलं, "आई, बरं न्हाई का?" तर म्हणाल्या, "जेव गुमान." सकाळी अंघोळीच्याही आधी त्यांनी पुण्याला फोन लावला. बद्रीनाथ पलीकडून बराच वेळ काही समजावत राहिला. यांनी शेवटी एवढंच सांगितलं, "मला ऐकू येईना झालंय. ठिवते."

शनिवारी संध्याकाळी तो आला. टेम्पोतून काच उतरवली, कागद काढले. मावळतीचं तांबडं ऊन दोन्ही काचांतून आरपार गेलं आणि ओसरीवर आडवं पडलं. जोड जड होती. एक बाजू त्यानं धरली, दुसरी धरायला कुणी नव्हतं, अंजना उठली आणि तिनं धरली. बाया रांग सोडून बघायला लागल्या. दोघं काच उचलून भगदाडापर्यंत आली, आणि लुगडं सुटून खाली पडलं.

चौकटीत मनकर्णाबाई उभ्या होत्या.

"तिथंच थांबा," त्या आतून म्हणाल्या. "काच लागली की मला ऐकू येत न्हाई, आन माझं बी कुणाला जात न्हाई. आधी बोलणं व्हईल, मग काच."

"मावशी... जड हाय."

"असू दे जड. खिशात काय टाकलंस त्या दिवशी?"

त्याच्या कपाळावरून घाम निघून नाकाच्या शेंड्यावर आला. पुसायला हात मोकळा नव्हता.

"काय न्हाई, मावशी."

"बघितलं?" मनकर्णाबाई बायांकडं वळल्या. "अजून खोटं बोलतोय. मुक्ते, फुडं ये. तू अंगणात तांब्याभर शिंपलंस म्हणून मी तुला फाडून खाल्लं. मी रोज दुपारी पोतं भिजवून ह्या काचेवर टाकत व्हते, पिण्याच्या पाण्यानं. त्यानंच तडकली. आता काय बोलायचं ते बोलून घे, आन माझी नक्कल आवाजात जरा कमी पडती, ती बी सुधार."

मुक्ताबाई पुटपुटली, "पोतं तरी सांगून टाकायचं व्हतं, आक्का. आमी बी टाकलं असतं."

कुणीतरी फिसकन हसलं. मनकर्णाबाईंनी एका नजरेत ते दाबलं आणि परत काचेकडं आल्या.

"आन तू. मला सगळ्या गावात बोलता येतं, माझ्यासाठी गप बसायचा मक्ता तुला कुणी दिला? मी काय म्हातारी झाले का आंधळी झाले? चूक माझी, आन झाकायची का न्हाई ते ठरवायचं तू? आणखी काय काय झाकून ठिवलंयस, ते आत्ता बोल. काच खाली ठिवायची न्हाई."

शहादेवनं अंजनाकडं बघितलं. काचेच्या या टोकाला तो, त्या टोकाला ती, मध्ये दोघांची दोन दोन प्रतिबिंबं, एकात एक मिसळलेली. अंजनाच्या ओठांवर हसू होतं आणि डोळे भरलेले, आणि तिचेही दोन्ही हात अडकलेले.

"मावशी," त्यानं काच सावरून धरली. "मला... तुमची अंजना..."

"ऐकू येत न्हाई."

"मला तुमची अंजना पायजे," तो एकदम मोठ्यानं बोलला. रस्त्यापलीकडं म्हशीनं मान वळवली. "फ्लॅट न्हाई माझ्याकडं. दुकान हाय, दोन खोल्या हायेत, आई हाय. तिला रांगेत उभी करणार न्हाई कधी. तुमी न्हाई म्हणलात तर काच बसवून जाईन, परत येणार न्हाई. पर मागितल्याबिगर न्हाई जाणार."

रांगेतल्या बाया कॅन खाली ठेवून पुढं सरकल्या.

"अंजे," मनकर्णाबाई म्हणाल्या, "तुझं काय?"

"आई, हात दुखायले," अंजना म्हणाली. "हो म्हण ना आता लवकर."

लांब वळणावर एस.टी.नं हॉर्न दिला, दोनदा. मनकर्णाबाई तो पुरा विरेपर्यंत ऐकत राहिल्या. मग त्यांनी चौकटीतून हात बाहेर काढला, पदराच्या टोकानं शहादेवच्या नाकावरचा घाम पुसला, जरा जोरातच, आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं त्याला सुनावलं:

"पुण्याच्या पाहुण्यांना सकाळीच फोनवर न्हाई म्हणलंय मी, तुझ्या तोंडाकडं बघत बसले न्हाई. ही काच घरी ने आन मला उघडती खिडकी करून आण, वळणावरलं ऐकू आलं पायजे. आन मावशी म्हणू नको, जावयासारखं मामी म्हण. तू लबाड न्हाईस, शहादेव, नुसता मुका हायेस. मुक्याबरोबर मी जन्म काढलाय. वाईट न्हाई गेला."